बचत गटातल्या बायकांसाठी फोटोंचा उपक्रम करायचाय. कॅमेरे किती घ्यावेत, सुरुवात कुठून करावी?

कॅमेरे विकत घेऊ नका. बारा जणींना तीन बरे फोन आळीपाळीने पुरतात, फक्त ते गटाचे असू द्या. घरच्या फोनमधले फोटो आधी नवरा, दीर बघतात. मग बायका फुलं नि सूर्यास्तच काढून आणतात.

बायकांनीच आपल्या जगण्याचे फोटो काढायचे, त्यावर बोलायचं आणि ते गावासमोर मांडायचे, या पद्धतीला फोटोव्हॉइस म्हणतात. कॅरोलिन वँग आणि मेरी अॅन बरिस यांनी १९९०च्या दशकात चीनच्या युनान प्रांतात ६२ ग्रामीण बायकांबरोबर ती उभी केली. फोटो काढणं हा त्यातला सोपा भाग. वेळ द्यायचा तो त्यावर बोलायला.

पहिल्या बैठकीत फोन काढूच नका, परवानगीवर बोला. चेहरा ओळखू येणार असेल तर फोटोआधी विचारायचं आणि प्रदर्शनाआधी छापलेला फोटो हातात देऊन पुन्हा विचारायचं. पहिला होकार शेजारणीला दिलेला असतो, अख्ख्या गावाला नाही. मुलांसाठी पालकांची सही हवी, आणि मुलाचा स्वतःचा होकारही.

विषय नेमका द्या. ‘आमचं गाव’ म्हटलं की देऊळ आणि वेस येते; ‘पहाटे पाच ते आठ’ म्हटलं की घर उघडतं. आठवड्याला प्रत्येकी दहा-बारा फोटो, त्यातले दोन तिनेच निवडायचे. २४ फोटोंना पाच-पाच मिनिटं धरली तरी दोन तास जातात, म्हणून सहा-सहा जणींना वेगळं बसवा. ४ बाय ६ इंचाचे प्रिंट सतरंजीवर मांडा आणि विचारा: यात काय दिसतंय? खरं काय चाललंय? आपल्या जगण्याशी याचा काय संबंध? हे असं का आहे? आपण काय करू शकतो?

समजा, नळापाशी रांगेतले रिकामे हंडे आहेत. बाहेरचा माणूस ‘पाणीटंचाई’ म्हणून मोकळा होतो. काढणारी सांगते, पाण्याची वेळ ठरलेली नाही, म्हणून पोरगी शाळा बुडवून तिथे बसते. मागणी आता टँकरची उरत नाही, वेळापत्रकाची होते. तिचं बोलणं रेकॉर्ड करा आणि मथळा तिच्याच बोलीत छापा. कृपा करून तो ‘शुद्ध’ करू नका.

फोटो बहुतेकदा व्हॉट्सअॅपवर बिघडतात. साध्या पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची होते आणि १२ बाय १८ इंचावर छापला की तो फुटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण त्यात जागेची नोंदही जाते, तेव्हा कॅमेऱ्यातलं लोकेशन पहिल्याच दिवशी बंद करा. अंधुक फोटोंचं कारण बहुतेक वेळा लेन्सवरचा तेलकट हात. पदराने पुसली की काम होतं.

सरपंच-ग्रामसेवकांना सुरुवातीलाच सांगून ठेवा आणि प्रदर्शन ग्रामसभेच्या दिवशी तिथेच लावा. फोटोशेजारी काढणारीच उभी राहील. तिच्या वतीने तुम्ही बोलू नका.