शेतकरी एआयला ‘हो’ म्हणतात, मग वापरत का नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पदव्युत्तर प्रबंधासाठी तुम्ही सर्वेक्षण केलंत. ‘एआय शेतीला उपयोगी आहे’ या विधानापुढे बहुतेक शेतकऱ्यांनी ‘सहमत’ अशी खूण केली. पण पानाच्या फोटोवरून रोग सांगणारं अ‍ॅप मोफत देऊनही थोड्याच दिवसांत कुणी ते उघडेना. याचं कारण वय, कमी शिक्षण आणि नव्याची भीती असं लिहावं का?

लिहू नका, अशी कळकळीची विनंती आहे. कृषी विस्ताराच्या, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत नवं शेतीज्ञान पोहोचवण्याच्या कामात हे स्पष्टीकरण मी फार वेळा ऐकलंय. ते सोपं आहे, कारण त्यात सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी जातो आणि अ‍ॅप तपासायची गरजच उरत नाही.

तुमची प्रश्नावली अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९च्या, लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात हे सांगणाऱ्या प्रतिमानावर बेतलेली दिसते: साधन उपयोगी वाटतं का, वापरायला सोपं वाटतं का. ते प्रतिमान कार्यालयातल्या संगणक वापरासाठी तयार झालं. तिथे प्रोग्रॅम चुकला तर पगार बुडत नाही. शेतात चुकीची फवारणी झाली की औषधाचा खर्च, घटलेलं उत्पादन आणि कर्जाचा हप्ता हे सगळं सल्ला ऐकणाऱ्याच्या अंगावर येतं, देणाऱ्याचं काहीच जात नाही. आणि चूक सुधारायची संधी थेट पुढच्या हंगामात. हा हिशोब शेतकरी बोलून दाखवत नाही, पण करतो. तुमच्या प्रश्नावलीत त्यासाठी एकही प्रश्न नाही.

आता अ‍ॅपकडे बघू. २०१६ साली ‘प्लांटव्हिलेज’ या पिकांच्या पानांच्या छायाचित्रसंग्रहातल्या ५४,३०६ छायाचित्रांवर शिकवलेल्या एआय मॉडेलचा निकाल प्रसिद्ध झाला. १४ पिकं, २६ रोग आणि अचूकता ९९.३५ टक्के. हा आकडा जगभर सांगितला गेला. त्याच शोधनिबंधात पुढे आहे की वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर अचूकता साधारण ३१ टक्क्यांवर आली. मूळ फोटो नियंत्रित परिस्थितीत, एकेक पान वेगळं ठेवून काढलेले होते. शेतात पानावर सावली असते, मागे माती आणि तण असतं, एकाच पानावर दोन रोग असतात, आणि अन्नद्रव्याची कमतरता रोगासारखी दिसते. त्यानंतर शेतातल्या फोटोंवर शिकवलेली चांगली मॉडेल्स आली, हे खरं. पण तुम्ही दिलेलं अ‍ॅप कुठल्या पिकावर, कुठल्या भागात तपासलेलं होतं? अनुभवी शेतकरी पहिला फोटो बहुधा त्याला आधीच माहीत असलेल्या रोगाचा काढतो. उत्तर चुकलं की त्याची चाचणी तिथेच संपते. ही भीती कशी म्हणायची? उलट ही परीक्षा फार रीतसर आहे.

विस्तारशास्त्रात यावरचं जुनं काम आहे. समाजशास्त्रज्ञ रायन आणि ग्रॉस यांनी १९४३ साली अमेरिकेतल्या आयोवामध्ये संकरित मक्याचं बियाणं कसं पसरलं ते मांडलं. बियाण्याची पहिली माहिती बहुतेकांना विक्रेत्यांकडून मिळाली, पण लावायचं ठरवताना शेजाऱ्यांचा शब्द जास्त चालला. शिवाय सुरुवात बहुतेकांनी थोड्याच क्षेत्रावर केली. एआयच्या बाबतीत शेजाऱ्याकडे बघून ठरवायची सोयच नसते. संकरित मका कुंपणापलीकडून दिसतो. शेजाऱ्याने मोबाइलवर घेतलेला सल्ला दिसत नाही.

अ‍ॅपला दिलेली शेताची माहिती कुणाच्या मालकीची होते, हा शेतकऱ्यांचा संशयही निराधार नाही. २०१३ साली बियाणं आणि तणनाशकं विकणाऱ्या मोन्सॅन्टोने हवामान व शेतमाहितीचं विश्लेषण करणारी क्लायमेट कॉर्पोरेशन विकत घेतली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत शेतकरी संघटना आणि कंपन्यांनी शेतमाहितीसाठी तत्त्वं ठरवली, २०१८ मध्ये युरोपात आचारसंहिता आली. दोन्ही ऐच्छिक.

उलट बाजूचं उदाहरणही प्रबंधात हवंच. २०२५ मध्ये भारतात एआय मॉडेल्सच्या आधारे मान्सूनच्या आगमनाचा अंदाज सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना एसएमएसने पाठवला गेला. मला ही रचना फार मोलाची वाटते. नवा फोन नको, फोटो नको, शेताची माहिती द्यायला नको, आणि अंदाज अशा निर्णयासाठी आहे जो शेतकऱ्याला घ्यावाच लागतो: पेरणी आत्ता की थांबून.

तुमचं काम वाया गेलेलं नाही. ‘सहमत’ म्हणून अ‍ॅप सोडून देणारे शेतकरी हीच तुमची सगळ्यात मौल्यवान माहिती आहे. त्यांना परत भेटा, पण मत विचारू नका. शेवटचं अ‍ॅप कधी उघडलं, कुठल्या पानाचा फोटो काढला, काय उत्तर आलं, मग प्रत्यक्षात काय फवारलं आणि त्याआधी कुणाला विचारलं, एवढंच विचारा. सल्ला चुकला तर नुकसान कुणी सोसावं, हा प्रश्न शेवटी ठेवा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. जमल्यास अ‍ॅप बनवणाऱ्यांनाही तोच प्रश्न विचारा आणि दोन्ही उत्तरं प्रबंधात शेजारी शेजारी छापा.