जर्मन गायिका लेनाच्या ‘गुड न्यूज’ या दुसऱ्या अल्बममध्ये ‘सॅटेलाइट’ हे गाणं आहे का?

नाही, ‘सॅटेलाइट’ लेना मायर-लांडरूटच्या पहिल्या, म्हणजे २०१० च्या ‘माय कॅसेट प्लेअर’ या अल्बममध्ये आहे. ‘गुड न्यूज’ फेब्रुवारी २०११ मध्ये आला तो वेगळ्याच कारणाने. ऑस्लोत ‘सॅटेलाइट’ गाऊन युरोव्हिजन ही युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा जिंकल्यावर पुढच्या वर्षीही जर्मनीकडून तीच गाणार हे आधीच ठरलं होतं. गायिका पक्की, गाणं मात्र शोधायचं होतं. मग टीव्हीवरच्या निवड-स्पर्धेत तिने एकटीने बारा गाणी म्हटली आणि लोकांनी मतं देऊन ‘टेकन बाय अ स्ट्रेंजर’ निवडलं. तीच बारा गाणी म्हणजे हा अल्बम. त्यामुळे तो एकसंध वाटत नाही, थोडा भेळ-मिसळ कारभार आहे. पण निवडलेलं गाणं खासच: दबक्या आवाजातलं, जरा भीतिदायक, २०११ च्या युरोव्हिजनमध्ये ड्युसेलडॉर्फच्या मंचावर काळ्या कपड्यांत लेना आणि मागे चंदेरी पोशाखातल्या नर्तकी. नंबर दहावा आला, तरी ‘सॅटेलाइट’पेक्षा मला हेच जास्त आवडतं. फक्त विकत घेताना आवृत्ती बघा: नंतरच्या प्लॅटिनम आवृत्तीत ‘व्हॉट अ मॅन’ आहे, मूळ अल्बममध्ये नाही.