निकॉन डी७५०० आणि २००-५०० लेन्स हातात धरून काढलेले पक्ष्यांचे फोटो हलतात. भिगवणला जाताना ट्रायपॉड घ्यावा का?

घेऊ नका. भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर बहुतेक फोटो होडीतून निघतात आणि डुलत्या अरुंद होडीत ट्रायपॉड निव्वळ अडगळ.

आधी जुने फोटो शंभर टक्के मोठे करून बघा, कारण सगळे ‘हललेले’ फोटो हाताने हललेले नसतात. पूर्ण चौकट एकाच दिशेला फराटल्यासारखी दिसत असेल तर हात हलला. मागचं गवत स्वच्छ पण पंख पुसट असतील तर पक्षी हलला. तिथे व्हीआर (हाताची थरथर सावरणारी लेन्समधली यंत्रणा) काहीच करू शकत नाही. पक्षी पुसट आणि त्याच्या पुढची-मागची काडी कातीव असेल तर फोकस चुकला.

पहिल्या दोन्हींवर इलाज एकच, शटर स्पीड. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर दीडपट क्रॉपचा, म्हणजे ५०० मिमीला चौकट ७५० मिमीची. बसलेल्या पक्ष्याला १/१००० सेकंद, उडत्या रोहिताला (फ्लेमिंगोला) १/२०००, सुरय (टर्न) सूर मारत असेल तर १/३२००. मॅन्युअल मोडवर शटर आणि एफ/५.६ (लेन्सचं छिद्र) ठरवून आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ऑटोवर सोडा. आयएसओ १६०० झाला म्हणून घाबरू नका. त्याने फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सुधारत नाही.

आता पकड. लेन्स सुमारे २.३ किलो, वर कॅमेरा. एवढं वजन उजव्या हातावर आलं की दोन मिनिटांत मनगट थरथरतं. उजव्या हाताने फक्त बटणं दाबायची, सगळा भार डाव्या तळव्यावर. हा तळवा लेन्सखाली जमेल तितका पुढे, कोपरं बरगड्यांना टेकलेली, आयकप (व्ह्यूफाइंडरभोवतीचं रबर) भुवईवर घट्ट. लेन्सच्या कॉलरचा पाय (ट्रायपॉडला जोडायचा) हाताला टोचतो, म्हणून तो फिरवून वर घ्या. होडीत बसून कोपरं गुडघ्यांवर टेकवा. लेन्स होडीच्या काठावर मात्र ठेवू नका, इंजिनची थरथर थेट लेन्समध्ये उतरते. नावाड्याला इंजिन थोडं आधी बंद करायला सांगा. पक्षीही कमी बिचकतात.

व्हीआर नॉर्मलवर बसलेल्या पक्ष्यांसाठी, स्पोर्टवर उडत्यांसाठी. एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही: मागच्या एई-एल/एएफ-एल बटणाला एएफ-ऑनचं काम देऊन फोकस त्यानेच करत असाल तर त्या बटणाने व्हीआर सुरू होत नाही. शटरचं बटण अर्धं दाबावं लागतं. चित्र स्थिरावलं की मग पूर्ण दाबा.

फोकस एएफ-सीवर (हलत्या पक्ष्यावर सतत फोकस), उडत्यासाठी ग्रुप एरिया (एकाऐवजी फोकस-बिंदूंचा गट). लांबच्या पक्ष्यांसाठी लेन्सवरचा स्विच ६ मीटर ते अनंतवर ठेवा, नाहीतर फोकस चुकला की लेन्स जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येते आणि तोवर पक्षी गेलेला असतो. ५०० मिमीला पक्षी चौकटीत सापडतच नसेल तर २०० वर पकडा, मग झूम करा. पट्टकदंब हंसांचा थवा तसाही ३०० च्या आसपासच बरा दिसतो.

आणि १/२५०० ला, योग्य फोकस असूनही लांबचे सगळे पक्षी मऊ, वितळल्यासारखे आले असतील, तर ती पाण्यावरची तापलेली हवा. त्यावर कोणतीही लेन्स उपाय नाही, दहा लाखांचीसुद्धा. पहाटेची होडी घ्या, ऊन पाठीशी ठेवा. ऊन चढल्यावर फक्त जवळचे पक्षी टिपा.

कॅमेऱ्याचा गळपट्टा वापरून ही लेन्स लोंबकळत ठेवू नका, सगळा ताण माउंटवर, म्हणजे कॅमेरा-लेन्सच्या जोडावर येतो. पट्टा कॉलरच्या पायाला अडकवा, आणि चालताना लेन्स २०० वर लॉक करा, नाहीतर नळी आपोआप खाली घसरते.