अक्का, मान वर करून चालावंसं वाटतंय

‘अक्का, मी खानापूर तालुक्यातल्या एका गावची. वय 24. काजूच्या फॅक्टरीत सोलायला बसते. नववीत असल्यापासून छाती खूप वाढली. आता मान, खांदे, पाठ रोज दुखतात, रात्री करंगळीला मुंग्या येतात. पावसाळ्यात छातीखाली लाल होऊन चरचरतं. मेडिकलमधली ट्यूब लावली की जातं, पुन्हा येतं. गावातल्या डॉक्टरांना पाठ दुखते एवढंच सांगितलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि वजन कमी कर म्हणाले. आई म्हणते, जरा वाकून चाल, ओढणी नीट घे, लग्न झालं की सगळं बसतंय. याचं ऑपरेशन असतंय असं मोबाइलवर वाचलं. आईला सांगितलं तर ती रडायलाच लागली. ता. क. छाती कमी करायचं तेल 900 रुपयांना मिळतंय. घेऊ काय?’

पोरी,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला फार खटकलं, आणि ते आईचं नाही. ‘पाठ दुखते एवढंच सांगितलं.’ मग डॉक्टर तरी गोळ्यांशिवाय काय देणार? छातीचं वजन तुला पुढं ओढतंय. ते सावरायला मानेचे, पाठीचे स्नायू दिवसभर ताणून राहतात, त्यात तू आठ तास खाली मान घालून काजू सोलणार. ब्राची पट्टी खांद्यात रुतते आणि हाताकडं जाणाऱ्या नसांवर दाब येतो. मुंग्या बहुतेक त्याच्याच. पण मानेच्या मणक्यामुळंही मुंग्या येतात, म्हणून तेवढं तपासून घ्यायचं. छाती अशी प्रमाणाबाहेर वाढते, त्याला डॉक्टर मॅक्रोमॅस्टिया म्हणतात. तुझ्यासारख्या कितीतरी बायका हेच दुखणं काढतात, फक्त सांगताना सगळ्या पाठीचं नाव घेतात.

‘वजन कमी कर’ हे अर्धं खरं आहे. छातीत चरबी जास्त असेल तर वजनाबरोबर तीही थोडी उतरते. ग्रंथींचा भाग जास्त असेल तर पोरगी वाळून काटकी झाली तरी छाती आहे तशीच. तुझी शाळेत असतानाच वाढली, म्हणजे हे घराण्यातून आणि हार्मोन्समुळं आलेलं असणार. तू खाऊन वाढवलेलं नाहीस. मात्र एकच बाजू अचानक वाढली, गाठ लागली किंवा बोंडातून पाणी, रक्त आलं, तर काही वाट न बघता दाखवायचं.

आता ती ट्यूब. छातीखालच्या घडीत घाम साचून येणारी ती लाली बहुतेक बुरशीची. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अशा बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. लावलं की दोन दिवसांत लाली जाते, बुरशी मात्र खाली जिवंत राहते, आणि कातडी पातळ होत जाते ते वेगळंच. ती बंद कर आणि चामडीच्या डॉक्टरांना दाखव. सारखं होत असेल तर एकदा रक्तातली साखरही बघतात. तोवर घडीतली जागा धुऊन, न घासता टिपून कोरडी करायची आणि मऊ सुती कापडाची पट्टी घडीत ठेवायची. खानापूरच्या पावसात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, हे मला सांगायला नको. ओलसर ब्रा घालून फॅक्टरीत जाणं हेच त्या बुरशीचं खरं खत. दोन ब्रा जादा ठेव. चुलीवरच्या दोरीवर वाळव, पंख्याखाली वाळव, पण पूर्ण वाळलेलीच घाल.

आणि ब्राचं माप. दुकानात काउंटरवर पुरुष, मागं गिऱ्हाइकांची रांग, म्हणून आपण हळूच ‘मोठी द्या, 40 द्या’ म्हणतो आणि कागदात गुंडाळून निघतो. तो आकडा छातीखालच्या घेराचा असतो. कप किती मोठा, ते पुढचं अक्षर सांगतं. आपण आकडा वाढवतो आणि अक्षर आहे तेच ठेवतो. मग पट्टा ढिला होऊन पाठीवर वर चढतो, सगळा भार खांद्यावर येतो. खरा भार त्या खालच्या पट्ट्यानं घ्यायचा असतो. घरी टेपनं छातीच्या अगदी खाली माप घे, मग सगळ्यात उंच जागी. दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून, जिथं बाई माप घेते अशा बेळगावातल्या दुकानात जा. पट्टा मागं सरळ राहिला पाहिजे, खाली दोन बोटं जेमतेम गेली पाहिजेत, आणि खांद्याच्या पट्ट्या रुंद हव्यात. एकावर एक दोन ब्रा घालत असशील तर आजच सोड, घाम आणि दाब दोन्ही वाढतात.

वाकून चालणं हा तर उपायाच्या नावाखाली दिलेला आजार आहे. आईचं मन मी समजते. स्टँडवरच्या नजरा तिनंही झेलल्यात. पण वाकून नजरा थांबत नाहीत आणि पाठ मात्र जाते. केएलई संस्थेचं फिजिओथेरपी कॉलेज बेळगावातच आहे. खांदे मागं घ्यायचे, पाठीच्या वरच्या भागाला बळ द्यायचे व्यायाम तिथं शिकून घे. आकार कमी होणार नाही, दुखणं कमी होईल.

एवढं करून चार-सहा महिन्यांत फरक पडला नाही, तर प्लास्टिक सर्जनला भेट. ऑपरेशन खरंच असतं, आणि ते काही नटण्यासाठीचं नव्हे. पूर्ण भूल देतात, साधारण दोन ते चार तास लागतात. जादा भाग काढून बोंड वर घेतात. मानेचं, पाठीचं दुखणं बऱ्याच जणींचं खूपच कमी होतं. आता दुसरी बाजूही ऐक. व्रण कायमचे राहतात, कालांतरानं फिके होतात एवढंच. बोंडाची संवेदना कमी होऊ शकते. पुढं बाळाला पाजताना काहींना दूध पुरतं, काहींना कमी पडतं, काहींना येतच नाही. गरोदरपणात छाती पुन्हा वाढूही शकते. म्हणून काही सर्जन मुलं झाल्यावर करू म्हणतात, पण त्रास फार असेल तर आधीही करतात. महिना-दीड महिना जड उचलायचं नाही. आणि मिसरी लावत असशील तर ती आधी सुटली पाहिजे. तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो, कातडी काळी पडून खराबही होते.

पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापत असतील तर आधी तिथल्या डॉक्टरांना दाखव आणि पुढं पाठवायची चिठ्ठी माग. कापत नसतील तर सिव्हिलमध्ये विचार. पुरळाचे, दुखण्याचे सगळे कागद जपून ठेव. हे दुखण्यावरचं ऑपरेशन आहे, हे दाखवायला तेच लागतात. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं बायकांना सरकारी साध्या बसला पैसे पडत नाहीत, आधार कार्ड तेवढं बरोबर घे. तपासताना खोलीत नर्स हवी म्हणून सांगायचा तुला हक्क आहे. लाज वाटली तर हे पत्रच डॉक्टरांपुढं ठेव.

पहिल्या खेपेला आईलाच घेऊन जा. ऑपरेशनचं नाव काढू नकोस, ‘पाठ आणि पुरळ दाखवायला’ एवढंच म्हण. ती रडली ती बहुतेक तुझ्या लग्नाच्या काळजीनं, आणि दूध, व्रण, खर्च हे तिचे प्रश्न काही खोटे नाहीत. त्यांची उत्तरं तिला डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. लग्न झाल्यावर यातलं काहीही आपोआप ‘बसत’ नाही, हेही तेच सांगतील. ऑपरेशन केलंस तर ठरलेल्या मुलाला लग्नाआधी तू स्वतः सांग. मध्यस्थाला, भावकीला सांगायचं काही कारण नाही. करायचं की नाही ते मात्र तू ठरव. पाठ तुझी आहे.

तेल घेऊ नकोस. चोळून छाती कमी होत नाही, आणि घडीत तेल राहिलं तर पुरळ आणखी चिघळेल. त्या 900 रुपयांत मापाच्या दोन ब्रा येतील.

– अक्का