बालगृहातल्या मुलाला विशेष शिक्षण: मागायचं कोणाकडे, कसं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही शिकवायला जाता त्या शासकीय बालगृहातला पंधरा वर्षांचा मुलगा सातवीत आहे, पण जोडाक्षर आलं की अडतो आणि कर्मचारी त्याला आळशी ठरवून मोकळे होतात. त्याला विशेष शिक्षण मिळेल का, हा तुमचा प्रश्न.

मिळेल, आणि तो त्याचा हक्क आहे. संस्थेने कोणत्या सेवा द्यायच्या हे बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ५३ मध्ये सांगितलंय, त्यात विशेष शिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. गाडी अडते ती मागणारं माणूस नसल्यामुळे. घरच्या मुलासाठी आई शाळेत खेटे घालते, भांडते. इथे अधीक्षक बदलतात, काळजीवाहक बदलतात, मुलाचीही दुसऱ्या संस्थेत बदली होते. म्हणून त्याची गरज कागदावर आली पाहिजे.

तो कागद म्हणजे वैयक्तिक काळजी आराखडा, संस्थेतल्या प्रत्येक मुलासाठी वेगळा करायचा असतो तो. शिक्षणाच्या रकान्यात बऱ्याचदा ‘शाळेत जातो’ एवढंच असतं. तिथे तो काय वाचू शकतो, कुठे अडतो, कोण शिकवणार आणि पुन्हा कधी तपासणार, हे लिहून घ्या. परिविक्षा अधिकाऱ्यांशी (मुलाची माहिती घेऊन अहवाल लिहिणारे अधिकारी) बोला, पण तोंडी बोलण्यावर थांबू नका. अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, प्रत बाल कल्याण समितीला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला, आणि पोच घ्याच.

अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या मूळच्या अडचणीचा शिक्का मात्र घाईने मारू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग शाळा किती वेळा सुटली, घरची भाषा कोणती, हे विचारा. शिकायलाच न मिळालेलं मूल आणि अक्षमता असलेलं मूल वरवर सारखंच दिसतं. मी शिकवलेला एक मुलगा अख्खा धडा खडखडीत ‘वाचायचा’, बोट मात्र दोन ओळी खाली फिरत असायचं. धडा ऐकून पाठ केला होता! त्याच धड्यातले शब्द सुट्या चिठ्ठ्यांवर लिहून दिले, तर त्याला एकही लागेना. इतकी स्मरणशक्ती असलेल्या मुलाला आळशी म्हणणं मला सहनच होत नाही.

अक्षमता निघाली तर सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र घ्यायला लावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, आणि दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक मागायचा तर ते हाताशी लागतं. पण प्रमाणपत्र येईपर्यंत शिकवणं थांबवू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार वयानुरूप वर्गात घेतलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षण मिळतं, आणि चौदा उलटली तरी आठवी पूर्ण होईपर्यंत शिक्षण मोफतच राहतं. ‘वय गेलं’ असं कोणी म्हणालं तर हे कलम दाखवा. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात ‘समग्र शिक्षा’ या सरकारी शिक्षण योजनेच्या विशेष शिक्षकांचीही चौकशी करा.

अठराव्या वर्षी तो संस्थेतून बाहेर पडेल. त्याआधी प्रमाणपत्र, शाळेचा दाखला आणि आराखड्याची प्रत त्याच्या स्वतःच्या हातात द्यायला लावा. अनुरक्षणाचा, म्हणजे संस्था सोडल्यानंतर मिळणाऱ्या मदतीचा अर्जही तेव्हाच भरून घ्या, बाहेर पडल्यावर त्याला गाठणं फार कठीण जातं.