'निधी नाही' म्हटल्यावर मागणी जाते कुठे?

प्रश्न : आम्ही कळव्याला खारेगावात राहतो. आसपासच्या सोसायट्यांनी मिळून मुलांसाठी अभ्यासिका मागितली. सह्या गोळा करून महापालिकेला निवेदन दिलं. उत्तर आलं, 'निधीच्या उपलब्धतेनुसार विचार करण्यात येईल.' पैशांची ओढाताण असली की लोकांचं ऐकणंच बंद होतं का?
– एक वाचक भगिनी, कळवा

उत्तर : ताई, बंद होत नाही; कोणाचं ऐकायचं, ते बदलतं. मी दुसऱ्या जिल्ह्यात एका नगरपालिकेच्या लेखा विभागात नोकरी केली, तिथे हे रोज पाहिलं.

बजेटमध्ये पगार, पेन्शन, वीजबिलं, कर्जाचे हप्ते आधी बाजूला निघतात. मग येतं दायित्व, म्हणजे झालेल्या कामांची ठेकेदारांना द्यायची राहिलेली बिलं. टंचाईच्या वर्षी ही जुनी बिलंच नव्या वर्षाची तरतूद खाऊन टाकतात. समासात 'तरतूद शिल्लक नाही' असा शेरा पडला की फाइल परत. तुमच्या सह्यांचे कागद त्या फाइलच्या तळाशी असतात. शेरा मारणारा तिथवर पानं उलटत नाही. त्याच्यासमोर फक्त लेखाशीर्ष, म्हणजे बजेटमधलं त्या खर्चाचं खातं, आणि शिल्लक रक्कम असते.

दुसरं कारण जास्त खोल आहे. शहरात येणाऱ्या मालावरची जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था करही गेला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यापासून महापालिकांना राज्य सरकार दरमहा भरपाईचं अनुदान देतं, त्यात दरवर्षी 8 टक्के वाढ कायद्यानेच ठरलेली. म्हणजे उत्पन्नाचा मोठा वाटा मंत्रालयातून येतो. त्याशिवाय येणारे बरेच निधी कामाला बांधलेले असतात. रस्त्यासाठी आलेला पैसा अभ्यासिकेकडे वळवता येत नाही. तिजोरी भरलेली असते तेव्हा वॉर्डातल्या मागणीला थोडी जागा मिळते. ती आटली की निधी देणाऱ्याची पसंती चालते. लोक अभ्यासिका मागतात आणि चौकाचं सुशोभीकरण होतं, ते पुष्कळदा यामुळे. मला हे अन्यायाचं वाटतं. मालमत्ता कर तुम्ही भरता, तर त्यातल्या थोड्या तरी पैशावर तुमच्या मताचा हक्क हवाच.

'निधी नाही' हे कधी खरं असतं, कधी नुसती सबब. माहिती अधिकारात अर्ज करा. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. त्या लेखाशीर्षाखाली यंदा तरतूद किती होती, खर्च किती झाला, दायित्व किती, एवढंच विचारा. पैसे शिल्लक असूनही नकार आला असेल, तर त्या कागदासारखा दुसरा पुरावा नाही.

आणि निवेदन बदला. नवी इमारत मागितली की लेखा विभाग बिचकतो. बांधकामाच्या पैशांपेक्षा पुढे दरवर्षीचा वॉचमन, वीज, साफसफाई त्याला नको असते. संध्याकाळी रिकामं राहणारं एखादं समाजमंदिर किंवा शाळेचा वर्ग मागा, आणि देखरेख सोसायट्या करतील असं लिहून द्या. वेळही सांभाळा. महापालिका अधिनियमाप्रमाणे पुढच्या वर्षाच्या करांचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरायचे असतात आणि त्याआधी आयुक्तांचा खर्चाचा अंदाज स्थायी समितीपुढे, म्हणजे पैशांचे निर्णय घेणाऱ्या नगरसेवकांच्या समितीपुढे, जातो. मार्चमध्ये दिलेला कागद त्या वर्षी कोणी उघडतही नाही. दिवाळी झाली की लगेच द्या, आणि एक प्रत स्थायी समितीवरच्या नगरसेवकाच्या हातात द्या, पोचपावती घेऊन.