शाळा दोन महिने बंद आहे. पाचवीतल्या मुलाचा पोर्शन मागे पडू नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की इमारतीच्या दुरुस्तीसाठी शाळा बंद आहे, ऑनलाइन तास धड होत नाहीत, तर पोर्शन भरून काढायला कोणतं अ‍ॅप घ्यावं. अ‍ॅपचं नंतर बघू. आधी तो पोर्शन डोक्यातून काढा. मी हे चिडूनच लिहितेय, कारण या एका शब्दावरून माझं बऱ्याच जणांशी वाजलंय.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर आहे. आमच्याकडे शाळा बंद पडत नाही, पोरंच निघून जातात. दिवाळी झाली की मुकादमाच्या, म्हणजे मजूर जमवून नेणाऱ्या ठेकेदाराच्या, गाड्या भरतात आणि अर्धा वर्ग आईबापांमागे ऊसतोडीला जातो, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परत. म्हणजे दुसरं सत्र गेलंच. आजी-आजोबा गावात असतील तर हंगामी वसतिगृहाच्या आधाराने मूल मागे राहू शकतं, पण मंजुरीचा कागद यायच्या आत गाड्या गेलेल्या, असंही झालंय. शिक्षण हमी कार्ड आम्ही देतो, ते दाखवून जाईल तिथल्या शाळेत बसता येतं. पण टोळी आज या शिवारात तर पंधरवड्याने पुढच्या. शाळा लांब, आणि कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्याला कोण बघणार?

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. तिला ठेवून जा म्हणून सांगायला गेले तर वडील म्हणाले, "मॅडम, म्हातारी बी संगंच येतीय. पोरगी आली नाय तर बारक्याला धरायचं कोणी?" मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर होती, त्यांच्या हातात काही नव्हतं. मी तिला दोन शंभरपानी वह्या, मराठीचं पुस्तक आणि बालमासिकांचे जुने अंक दिले. दोनच कामं सांगितली. रोज एक पान मोठ्याने वाचायचं, ऐकायला कुणी नसेल तर बाळाला ऐकवायचं. आणि त्या दिवशीच्या उसाच्या गाडीचा हिशेब वहीत लिहायचा. वडिलांच्या फोनमध्ये रिचार्ज असेल तेव्हा रात्री वाचलेलं पान आवाजात रेकॉर्ड करून पाठवायची. मागून बाळाचं रडणं, भाकरी थापल्याचा आवाज, आणि ही वाचतेय.

पाडव्यानंतर वही माझ्या हातात आली. कोपरे मऊ पडलेले, पानांवर तेलाचे डाग. एका पानावर लिहिलं होतं, "आज गाडी 2 टन 180 किलो. काल 1 टन 950 किलो. आज किती जास्त?" खाली हातचा घेऊन केलेली वजाबाकी, उत्तर 230 किलो. हे गणित तिला कुणी घातलं नव्हतं. वजनाची पावती बघून तिनेच तयार केलं होतं. शेवटी शेवटी टोळीतल्या इतरांच्या पावत्याही ती वाचून द्यायची. मुकादमाच्या वहीत एक खेप लिहायची राहिली होती, ती तिनेच वडिलांना दाखवली.

त्याच आठवड्यात शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांची भेट होती. त्यांनी तिला विचारलं, "परिसर अभ्यासाचा कोणता धडा झाला?" एकही नाही. झालं, शेरा अप्रगत. वर मला ऐकवलं की स्वाध्याय भरून घ्यायला हवे होते. मी म्हटलं, सर, पाचवीच्या पुस्तकाचं कोणतंही पान उघडा, ती वाचून दाखवेल. त्यांना पुढच्या शाळेवर जायचं होतं. मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगते: वाचता येणारं मूल परिसर अभ्यासाचे धडे जूनमध्ये बघता बघता उरकतं. वाचता न येणाऱ्याच्या वहीत सगळे स्वाध्याय भरलेले असले तरी ते तिथंच राहतं.

पुढे मार्च 2020 मध्ये अख्ख्या राज्याच्या शाळा बंद झाल्या. 2020-21 चा अभ्यासक्रम सरकारनेच 25 टक्के कमी केला. जुलै 2021 पासून 45 दिवसांचा सेतू अभ्यास आणला, तोही मागच्या इयत्तेचं पक्कं करून घ्यायलाच. पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला 1 डिसेंबर 2021 उजाडला, तेव्हा दुसरीत बसलेल्या मुलांनी पहिलीचा वर्ग पाहिलाच नव्हता. कोणती टिकली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्यांच्या घरात रोज कुणीतरी वाचन ऐकलं, ती टिकली. ग्रुपवर आलेल्या पीडीएफ फायलींनी कुणाला वाचायला आलं नाही.

तर तुम्ही रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास त्याच्याजवळ बसा. त्याने मोठ्याने वाचायचं, तुम्ही ऐकायचं. चुकला तर मध्येच टोकू नका, वाक्य पुरं होऊ द्या. मग पुस्तक मिटून "काय वाचलंस ते सांग" म्हणा. भागाकार आणि अपूर्णांकांची चार-पाच गणितं रोज व्हायला हवीत, कारण ते कच्चं राहिलं तर सहावी-सातवीत नडतं. स्वतःच्या मनातलं एक पान लिहून घ्या. शेजारची दोन-तीन पोरं जमली तर आणखी चांगलं. अ‍ॅप म्हणाल तर सरकारचं दीक्षा फुकट आहे, पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. वर्षाचे पैसे भरून दुसरं काही घेऊ नका.

हे सगळं प्राथमिकपुरतं. दहावीला बोर्ड आहे, तिथे धडे सोडून चालत नाही, नववीतही जपूनच. नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला बसवणार असाल तर त्याचा सराव वेगळा लागेल. आणि तुम्ही दोघंही नोकरीला असाल तर ऐकायचं काम आजी-आजोबांकडे द्या, त्यांना अपूर्णांक नाही आले तरी चालतील.

शाळा उघडली की दोन महिन्यांचे स्वाध्याय उतरवून आणायला सांगतील. तेव्हा वर्गशिक्षकांना जाऊन भेटा, आधी त्याचं वाचन ऐका म्हणा. किती धडे झाले विचारलं तर एकही नाही म्हणून सरळ सांगा.